एकशे वीस सेंटिमीटर

माझा भाचा सत्यम सकाळी सात वाजता १२०.६ सेंटिमीटर असतो आणि संध्याकाळी सात वाजता ११९.७. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबत जातात, त्यामुळे माणूस संध्याकाळी थोडा आखूड होतो. आठ दिवस भिंतीला काटकोन लावून मी ही मापं घेतली. एमएस्सी झाल्यापासून माझ्या शिक्षणाचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

कारण होतं 'काळा नाग'. हैदराबादजवळच्या पार्कमधला हा पाळणा माणसांना उलटं टांगून फिरवतो, आणि त्याच्या पायथ्याशी पाटी आहे : १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही. सत्यमच्या वर्गातला सिद्धराम दिवाळीत तिथून रडत परत आला होता. म्हणजे लातूरच्या त्या दुसरीच्या वर्गात नागावर अजून कुणीच बसलेलं नव्हतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण बसणार असं सत्यमने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

"सकाळी नेऊ त्याला, सगळ्यात आधी," मी म्हणाले. "सहा मिलिमीटर हातात आहेत."

दादाने मोबाइलमधून डोकं वर काढलं. माझा दादा सुदर्शन, म्हणजे सत्यमचा बाप, शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतो.

"थांब. हितं लिवलंय, तिकीटबी उंचीवरच हाय. एकशे वीसच्या खाली लहान तिकीट. म्हणजे खिडकीवर पोरगं लहान पायजे आन् नागावर मोठं."

"दादा, एकच पोरगं एकाच दिवशी दोन उंचीचं कसं असंल?"

"तूच तर म्हणलीस, बदलती म्हणून."

"सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. तुला उलटं पाहिजे."

"मग उलटं करू. सकाळी दमवू, दुपारी निजवू. त्याला काय लागतंय?"

पुनमवहिनी दशम्या थापत होत्या. "अहो, पोरगं हाय का छत्री? पायजे तवा मिटायला?"

पण दादाकडे याहून खात्रीची पद्धत होती आणि ती एसटीत तयार झाली होती. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नसतं, आणि निलंग्याला आजोळी जाताना सत्यम गेली दोन वर्षं "पाच लागायचंय अजून" या वयाचा होता. कंडक्टर जवळ आला की दादा घसा खाकरायचा. खाकरणं ऐकलं की सत्यम गुडघे वाकवून खांदे पाडायचा. पँट मुद्दाम ढगळ शिवून घेतलेली. मी स्वतः मोजलं : एका खाकरण्याला साडेपाच सेंटिमीटर.

मे महिन्यात आम्ही गेलो. आदल्या दिवशी हैदराबादला वहिनींच्या मामांकडे मुक्काम केला. सकाळी तिकीट खिडकीजवळच्या उंची मोजायच्या खांबापाशी दादा खाकरला आणि सत्यम ११५ भरला. लहान तिकीट मिळालं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भौतिकशास्त्राचा एक नियम त्याने समोरासमोर हरवला.

मग दुपारपर्यंत आम्ही नागाकडे गेलोच नाही. "खिडकीवाल्यानं बघितलं म्हंजे?" ही दादाची भीती. जेवणानंतर त्याने सत्यमला हिरवळीवर तासभर सपाट झोपवलं. दोनदा रखवालदाराने शिट्टी मारून उठवलं. दादाने दोनदा जागा बदलून पुन्हा झोपवलं. पोरगं आकाशाकडे बघत पडून होतं. वर नाग किंचाळणारी माणसं घेऊन फिरत होता.

"आत्या, वाढलो का?"

"वाढलास," मी म्हणाले. माझ्या अंदाजाने दोन-तीन मिलिमीटर परत आले असावेत.

रांगेत सव्वा तास गेला. आमच्या मागे तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादचं एक कुटुंब होतं. नंबर लागला तेव्हा पाळण्यावरच्या माणसाने सत्यमला खांबाला उभं केलं. डोक्याचे केस नव्हे, चक्क टाळू आडव्या पट्टीला लागली. सत्यमने श्वास रोखला होता.

"ठीक है, जाने दो," तो माणूस म्हणाला.

दादा अनोळखी माणसाशी बोलायच्या आधी घसा साफ करतो. वर्गातली सवय. त्याला आभार मानायचे होते. तो खाकरला.

सत्यम साडेपाच सेंटिमीटर खाली गेला.

"अरे! छोटा है ना," माणूस म्हणाला.

"नाही नाही, फिरसे नापो!" दादा म्हणाला आणि हे म्हणण्याआधी पुन्हा खाकरला. पोरगं उभं राहता राहता परत बसलं.

"घुटने कायकू मोड रा रे बच्चे?"

सत्यमने बापाकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. खरं बोलण्याबद्दल त्याला शाळेत बक्षीस आहे.

"पप्पा खाकरले की लहान व्हायचं असतंय," तो म्हणाला.

त्या माणसाला मराठी समजेना. मागच्या धर्माबादच्या बाईंनी लगेच तेलुगूत सांगितलं. मूळ वाक्यापेक्षा ते बरंच लांब होतं आणि त्यात दादाचं खाकरणंही साभिनय होतं. रांग हसली. ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या ती माणसं दोनदा हसली.

तो माणूस मात्र भला होता. खिडकीवर जाऊन मोठं तिकीट करून आणा, म्हणाला, मी पोराला बसवतो. नाग सुटायला अजून पाच मिनिटं होती.

सत्यम सरळ उभा राहून बापाकडे बघत राहिला. खिडकी दोनशे मीटरवर होती.

"जा की हो," वहिनी म्हणाल्या.

दादाने रांगेकडे पाहिलं. रांग अजून हसत होती. "नगं," तो म्हणाला. "लई धोक्याचं हाय ते. उलटंबिलटं करतेत. पोराचा जीव महत्त्वाचा. फुडल्या वर्षी बघू." आणि तो आइस्क्रीमच्या गाड्याकडे चालू लागला.

वहिनींनी पर्स उघडली, पण तोवर फाटकाला साखळी लागली होती. ती त्या दिवसाची शेवटची फेरी होती.

सत्यम रडला नाही. आइस्क्रीम त्याने हातातच वितळू दिलं.

दुसऱ्या दिवशी परतताना आजोळी थांबलो आणि संध्याकाळी निलंग्याहून लातूरची एसटी धरली. कंडक्टर पंच वाजवत आला. दादा सवयीने खाकरला.

सत्यम सीटवर उभा राहिला. डोकं सामानाच्या कप्प्याला लागेपर्यंत त्याने मान ताणली.

"काका, मला सात पूर्ण झालेत," तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी उंची एकशे वीस पॉइंट सहा हाय. अर्धं तिकीट द्या."

साडेसहा वाजले होते. या वेळेला तो आकडा शक्यच नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.