डीपीची काठी आणि रसूलच्या चपला

मी डीपीची काठी बोलतेय. आवाज जरा चिरका येईल, टोकाला माझी एक शीर उलली आहे. पण ऐका. आज बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. का, ते शेवटी सांगते.

डाळजच्या अलीकडं, हायवेपासून आत, आमची वस्ती. थोडी घरं, पुष्कळ ऊस, एक पिठाची गिरणी, आणि उसाच्या कडेला दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्यालाच सगळे डीपी म्हणतात.

मी काही डीपीसाठी जन्मले नाही, बरं का. द्वारकाबाईच्या नवऱ्यानं मला बारामतीच्या बाजारातून, बुरुडाकडून आणलं, ते वलणीसाठी. घरात आढ्याला दोऱ्या बांधून मला आडवी टांगली. द्वारकाबाईचं नऊवारी लुगडं माझ्यावर वाळायचं. चुलीचा धूर खाऊन खाऊन मी पिवळीची तांबूस झाले. पावसाचा थेंब कधी अंगाला शिवला नाही. खाली भाकरी थापल्याचा आवाज आणि वर मी. यापेक्षा सुख ते काय असतं?

तेच सुख माझ्या आडवं आलं.

डीपीवर उंचावर तीन फ्यूज असतात. माणसं त्यांना डिओ म्हणतात. वारा सुटला, विहिरीवरच्या मोटारी जास्त चालल्या, की त्यातला एखादा फट्ट करतो, खाली लोंबतो आणि लाइट जाते. वायरमनची वाट बघायला कुणाला सवड आहे? लांब बांबूनं तो डिओ वर ढकलून बसवला की लाइट आली. पण बांबू कोरडा पाहिजे. ओला असला तर धरणारा जागेवर जातो. आणि सगळ्या वस्तीत माझ्याइतकं कोरडं कुणी नव्हतं.

एक दिवस दादासो गिरणीवाला घरात आला. वर बघितलं आणि माझ्या दोऱ्या सोडायलाच लागला.

"काकू, चार दिसांसाठी नेतो."

"आरं, मग माझं लुगडं कशावर वाळू घालू? तुझ्या डोक्यावर?"

"घाला की. तेवढीच सावली."

चार दिवसांचं माहेरपण असतं तशी गेले आणि तिकडचीच झाले. टोकाला जाड तारेचा आकडा बांधून मला डीपीजवळच्या पत्र्याच्या खोपीत उभी केली. द्वारकाबाई शेळ्या घेऊन जाता-येता खोपीत डोकवायची आणि ऐकणारं कुणी नसलं तरी म्हणायची, "माझी वलण हाय ती. इसरू नगा."

तिथंच मला रसूल भेटला.

रसूल आमच्या भागाचा वायरमन. उंच, खांद्यात जरा वाकलेला. सायकलच्या दांडीला दोर, मागं पकडी-पान्यांची पिशवी. आता बघा, लाइट जायची ती कुठून तरी लांबून, मोठ्या ठिकाणाहून. तिथं कुणाचा आवाज पोचत नाही. मग हाताशी सापडायचा तो एकटा रसूल. सायकल वस्तीच्या वळणावर दिसली, की पारावरची माणसं सुरू.

"आला बघा अंधाराचा मालक!"

"रसूलभाई, तुमच्या घरात तरी लाइट असती का वो?"

"माझ्या घरात गौहर हाय. ती भडकली की समदं घर उजाडतं," रसूल बायकोचं नाव काढून म्हणायचा.

सगळे हसायचे. तोही हसायचा. पण ते हसू डीपीपर्यंत टिकायचं नाही. तिथं आला की खांबाला पाठ लावून बसायचा, मला मांडीवर आडवी घ्यायचा, फडक्यानं माझा आकडा पुसायचा आणि बोलायचा.

"म्हातारे, सकाळी साहेब म्हणतो, तुझ्या नावानं तक्रारी फार येत्यात. हितं आलो की लोक म्हणत्यात, थांब, साहेबालाच सांगतो. दोन खांबांच्या मधल्या तारेवाणी ताणलोय बघ मी. कुठं तुटंल, सांगता येत न्हाय."

मी काय बोलणार? थोड्या वेळानं त्यालाच बरं वाटायचं. "चल, तुला सांगितलं, हलकं झालं," म्हणून तो उठायचा. तेवढ्यासाठी तरी मला तिथं आणली ते बरं झालं, असं मला वाटायचं.

त्याची एक रीत होती. खांबावर चढायच्या आधी तो माझ्या आकड्यानं तिन्ही डिओ खाली ओढायचा, म्हणजे लाइन बंद. मग मला डीपीच्या पायथ्याशी आडवी ठेवायचा आणि पायातल्या टायरच्या चपला काढून माझ्या अंगावर ठेवायचा. खांबावर तो अनवाणीच चढायचा. खांब कधी कधी चार शेतं पलीकडं असायचा. उभ्या उसात माणूस दिसायचाही नाही. पण काठीवर चपला दिसल्या की शाळेतली पोरंसुद्धा लांबून जायची. चपला आहेत म्हणजे रसूल वर आहे. चपला नाहीत म्हणजे लाइन मोकळी. सगळी वस्ती हे जाणून होती. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

त्या चपला अंगावर असेपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा. रसूल परत आला, पाय सरकवून त्यात शिरला, की मी सुटायचे.

मग ते साल आलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी एवढं खाली गेलं होतं, की पाण्यातली जुनी देवळं उघडी पडली होती. ऑफिसात नवीन साहेब आले होते. त्यांनी सगळ्या वायरमनना जाड रबराचे बूट दिले.

"चपला घालून कामावर दिसलास तर मेमो देईन," साहेब रसूलला म्हणाले. "जिवाची काही किंमत आहे की नाही?"

हे मला रसूलनंच सांगितलं. साहेब वाईट नव्हते हो. भल्याचंच बोलत होते. पण चपला कशासाठी असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि रसूलला तरी ते त्या दिवशी कुठं सुचलं?

त्या दिवशी सकाळपासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यानं उसापलीकडच्या खांबावरचा तारेचा एक जोड तुटला होता. अर्धी वस्ती रात्रभर अंधारात आणि गिरणी बंद. वस्तीतल्या बापूसाहेबांच्या घरचं लग्न उद्यावर आलेलं, दळण गिरणीत अडकलेलं. बाया डबे घेऊन दादासोच्या दारात ठाण मांडून बसलेल्या.

"दादासो, वऱ्हाडाला काय गहू भिजवून वाढू का?"

"मी काय पायानं फिरवू का गिरणी?" दादासो चिडला. "त्या रसूलला इचारा!"

तेवढ्यात रसूल आला. त्याला सायकलवरून उतरू दिलं नाही. जो तो त्याच्या अंगावर. कुणी तरी तर म्हणालं, "पगार घेतोस, का हजामती करतोस?" त्यावर त्यानं गौहरचं नावसुद्धा काढलं नाही. मान खाली घालून डीपीशी आला. माझ्याशीही बोलला नाही. आकड्यानं तिन्ही डिओ ओढले, मला आडवी ठेवली, आणि तसाच, बूट घालून, उसाच्या बांधानं निघाला.

मी उघडी पडले होते. अंगावर काहीच नव्हतं.

अहो, मला ओरडावंसं वाटत होतं. अरे रसूल, काही तरी ठेव! टोपी ठेव, फडकं ठेव, दगड ठेव! पण त्याची पाठ उसात शिरली. ऊस थोडा हलला आणि उभा राहिला.

ऊन तापलं. डीपीवर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. मी वाट बघत होते, की रसूल आधी येतो का दुसरं कुणी. पायांचा आवाज आला. बूट नव्हते. चपला फटाफटा वाजत होत्या.

दादासो होता. अंगभर पीठ, डोळे लाल. त्यानं वर बघितलं. तिन्ही डिओ खाली. मग माझ्याकडं बघितलं. अंगावर चपला नाहीत.

"गेला वाटतं काम उरकून," तो स्वतःशीच पुटपुटला. "डिओ टाकायचं बी ध्यानात ऱ्हाईना आता."

त्यानं मला उचललं. मी जड झाले, खरं सांगते. पण बांबू जड होऊन किती होणार? त्यानं माझा आकडा पहिल्या डिओत अडकवला आणि वर ढकलला. खट्ट. दुसरा. खट्ट. तिसऱ्याला माझी शीर उलली, ती तेव्हाची. तरी तो बसला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. दादासोनं मला खाली टाकलं आणि गिरणीकडं पळत सुटला.

आणि वस्तीतून आरोळी उठली. "आली! आली रं आली!"

कुणाचा तरी रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. लग्नघरात पोरं टाळ्या पिटायला लागली. एवढा आनंद मी त्या वस्तीत बघितला नव्हता, आणि मी तिथं मातीत पडून एकच विचार करत होते. रसूल वर आहे का खाली? वर आहे का खाली?

गिरणीची मोटार सुरू झाल्याचा आवाज येईना. नुसतं हूंऽऽ हूंऽऽ. मोटार कण्हत होती, फिरत नव्हती. दादासोनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. बाया हसायला लागल्या, "मोटार बी रुसली गं बया!" आणि मग दादासोचं ओरडणं एकदम बंद झालं.

त्याच्या ध्यानात आलं होतं. तीन तारांतल्या एका तारेत लाइट नसली की मोटार अशी कण्हते. म्हणजे उसापलीकडचा जोड अजून तुटलेलाच होता. काम झालेलंच नव्हतं. मग रसूल कुठं होता?

तो पळत आला, ते एका पायात चप्पल नव्हती. मला उचललं, पण आकडा काही केल्या डिओत अडकेना. "अडक की गं! अडक!" माझ्याशी बोलणारा रसूलनंतर तोच. कसाबसा एक ओढला, दुसरा ओढला, तिसरा ओढला. वस्तीतून पुन्हा शिव्यांचा लोट उठला, "गेली परत!" दादासोच्या कानात काही शिरत नव्हतं. तो उसाकडं दोन पावलं गेला आणि बांधावरच बसला. त्याला पुढं जाववेना. जाऊन काय बघायचं, ह्याचीच त्याला भीती.

मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी उसाकडं बघत होते.

ऊस हलला. आधी शेळ्या आल्या. मागून द्वारकाबाई, लुगड्याचा काष्टा सावरत. आणि तिच्या मागं रसूल. अनवाणी. दोन्ही बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले. चेहरा असा, की रक्त म्हणून नाही.

"डिओ कुणी टाकला?" द्वारकाबाईनं विचारलं.

दादासो रडायला लागला. मोठा माणूस, मिशीवर पीठ, आणि हुंदके देऊन रडत होता.

"चपला न्हवत्या, काकू. काठीवर चपला न्हवत्या."

"तेच मी ह्याला इचारलं," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, आणि पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत राहिली. ती शेळ्या घेऊन त्या खांबाखाली गेली होती. बघते तर पायथ्याशी नवे बूट, आणि रसूल वर. बूट चावतात म्हणून त्यानं तिथंच काढले होते. ती म्हणाली, "रसूल्या, तुझ्या चपला कुठं हायत?" तो वरून म्हणाला, "घरी." ती म्हणाली, "मग काठीवर काय ठिवलंस?" त्यावर तो म्हणाला, "मावशी, दोन मिनिटांचं काम हाय."

"दोन मिनिटांचं असू दे न्हायतर एका. उतरतोस का धोंडा मारू?"

तो कुरकुरत उतरला. त्याचा पाय ढेकळावर टेकला आणि वर तार चर्रकन बोलली.

रसूलनं दादासोला ना शिवी दिली, ना त्याच्यावर हात उचलला. तो माझ्याजवळ येऊन बसला, मला मांडीवर घेतलं. फडकं काढून आकडा पुसला. मग म्हणाला, "दादासो, रडू नगंस. जा, बायांना सांग, जोड झाला की दळण मिळंल. आणि हितनं हलू नगंस. मी परत येईपातूर हितंच बस." मग गळ्यातले बूट काढून त्यानं माझ्यावर ठेवले आणि पुन्हा त्याच खांबाकडं गेला. गेला हो! मला वाटलं नव्हतं जाईल म्हणून. दादासो दोन्ही हातांनी बूट धरून बसला होता.

संध्याकाळी गिरणी फिरली. लग्नाची दळणं झाली. आणि द्वारकाबाई खोपीत आली, आकड्यासकट मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेली.

"आता ज्याला डिओ टाकायचाय त्यानं माझ्या दारात यायचं," तिनं पारावर जाऊन सांगितलं. "आणि रसूल्या, तू बूट घाल न्हायतर घोडा घाल. खांबावर जायच्या आधी तुझ्या जुन्या चपला माझ्या उंबऱ्यात ठिवायच्या. त्या तितं हायत तवर काठी देवानं मागितली तरी मिळायची न्हाय."

तशी मी पुन्हा वलण झाले. अंगावर लुगडं, टोकाला आकडा. माणसं येतात, "काकू, काठी द्या." ती आधी उंबऱ्याकडं बघते, मग माझ्याकडं. रसूल चपला न्यायला आला की तिच्याकडं घोटभर चहा पितो, साहेबाचं नाहीतर पारावरच्यांचं गाऱ्हाणं सांगतो आणि जाताना वर मान करून म्हणतो, "म्हातारे, बरं हाय न्हवं?"

आता सांगते, आज का बोलले ते. आज दुपारी रसूलनं मला नेऊन डिओ ओढले, परत आणून टांगलं, चपला उंबऱ्यात ठेवल्या आणि तो उसाकडं गेला. दिवेलागण होत आली. लाइट नाही. द्वारकाबाईनं चिमणी लावून दारात ठेवली आहे आणि शेजारी बसली आहे. दोनदा कुणी तरी काठी मागायला आलं, तिनं नुसतं चपलांकडं बोट केलं. पण बांबू काय मी एकटीच आहे का? कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या आढ्याला दुसरा कोरडा बांबू असेलच. मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरची लाइट गेली असली, पीठ अडलं असलं, माणसं डोक्यावर बसली असली, तरी हातातला बांबू जरा खाली ठेवा. थोडा दम धरा.

चपला अजून उंबऱ्यात आहेत.