कुलपाला तेल दिलेलं नाही

"चोरी म्हणजे फौजदारी, फौजदारी म्हणजे खालचं कपाट, आणि खालचं कपाट म्हणजे वाळवी," असं म्हणत रेकॉर्डखोलीच्या कारकुनाने गुडघे टेकले आणि अर्धं अंग कपाटात घातलं. कोर्टातली माणसं त्याला वाळवीसाहेब म्हणत. जुने कागद आणि वाळवी यांच्या भांडणात मध्यस्थी करण्यात त्याची सारी नोकरी गेली होती, आणि त्याच्या मते दोघांत वाळवी जास्त समजूतदार होती.

किल्लीवाली बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली. पेठेच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवायच्या, अडलेली दारं उघडून द्यायची. दुकान तिला आत्याकडून मिळालं, आत्याला तिच्या वडिलांकडून, आणि असं मागे मागे जात ते एका माणसापाशी थांबायचं. ते किल्लीवालीचे खापरपणजोबा. त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगत, तीही दार लोटून: सावकाराची तिजोरी साफ केली आणि तुरुंगात गेले. तेव्हापासून घरात दूध जरी नासलं तरी खापर खापरपणजोबांवरच फुटायचं.

या गोष्टीची झळ सगळ्यांत जास्त लागली ती आत्याला. तरुणपणी तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता, तीही त्याच्या. दोन्ही घरची माणसं मुलाच्या घरी जमलेली असताना मुलाच्या आईच्या दागिन्यांच्या पेटीचं कुलूप अडकलं. कोणी ओढतंय, कोणी ठोकतंय, कोणी सुरी आणा म्हणतंय. आत्याला काही ते बघवेना. तिने केसातला आकडा काढला आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत कुलूप उघडून हातात दिलं. मग मुलाची आई हळूच म्हणाली, रक्त बोलतं हो.

स्थळ तिथेच मोडलं. आत्याने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. दुकान चालवलं, भावाची पोरकी पोरं वाढवली, त्यातल्या थोरलीच्या, म्हणजे या किल्लीवालीच्या, हातात कुलपं उघडायची तार दिली. पण ते बोलणं तिच्या कानातून काही गेलं नाही. आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दवाखान्यातून घरी आल्यावर ती भाचीला म्हणाली होती, "मला एवढंच कळू दे. हे माझे हात कारागिराचे की चोराचे? मग मी मोकळी."

किल्लीवालीच्या धाकट्या भावाने फोनवरच हात झटकले. जुनी मढी उकरून काय मिळणार, आणि निघालाच चोर तर म्हातारीला काय सांगशील, असं त्याचं म्हणणं. निघाला तर निघाला, पण बघितल्याशिवाय कसा निघेल, असं म्हणून किल्लीवालीने फोन ठेवला.

साल शोधायला तिला घरातल्या लोखंडी पेटीचा उपयोग झाला. या घराण्यात पोरांची जन्मसालं कागदावर लिहीत नसत, पेटीच्या झाकणाला आतून कानशीने कोरत. खापरपणजोबांची पोरं तिथे दीड-दोन वर्षांच्या अंतराने शिस्तीत उतरली होती, मग एकाएकी मोठी फट, मग पुन्हा दोन. लहान पोरांनी विचारलं, की तेव्हा ते धंद्यासाठी परगावी होते, असं मोठी माणसं सांगत. पण फट दिसली की तिच्यात काय बसतं ते बघायचं, हा किल्लीवालीचा पोटापाण्याचा उद्योग. ती फट डोक्यात घेऊनच ती कोर्टात आली होती.

तिसऱ्या खेपेला गठ्ठा सापडला. अक्षर जुन्या वळणाचं, शाई उडालेली. किल्लीवालीला ओळ लागेना, तेव्हा वाळवीसाहेबच अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागले.

तिजोरी रिकामी झाली होती, पण कुलूप जसंच्या तसं लावलेलं होतं. ते खापरपणजोबांनीच बनवलेलं. किल्ली एकच, आणि ती सावकाराच्या गळ्यात. वकिलाने बचाव सोपा ठेवला होता: किल्लीशिवाय हे कुलूप उघडतच नाही, तेव्हा चोर सावकाराच्या घरातच शोधा. आरोपीने नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तसं त्याला समजावलंही असणार. वकिलाने भर कोर्टात विचारलं, किल्लीशिवाय हे कुलूप कोणाला उघडता येईल का?

वाळवीसाहेबांनी चष्मा पुसून उत्तर वाचलं. "दुसऱ्या कोणाला नाही. मला येतं."

"वकील तिथेच गार पडला असेल," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी कुलूप पुढ्यात ठेवायला लावलं. आरोपीने तारेच्या तुकड्याने ते सगळ्यांदेखत उघडलं. बरं, एवढ्यावर तरी थांबावं? पुढे नोंद होती, की कोणी विचारलं नसताना आरोपीने असंही सांगितलं: "कुलपाला तेल दिलेलं नाही. मालकाने फार हयगय केली आहे."

किल्लीवालीला हसू फुटलं, आणि पुढची ओळ ऐकताच ते विरलं. चार वर्षं सक्तमजुरी. फट बरोबर भरली.

चोरीचा माल सापडल्याची नोंद नव्हती. दुसरा कोणी चोर नंतर पकडला गेला, असंही कुठे नव्हतं. उरलेली पानं वाळवीने निकालात काढली होती.

तिचा चेहरा बघून वाळवीसाहेब म्हणाले, "म्हातारीला सांगून टाका, सुटला म्हणून. कोण येतंय तपासायला? मी तर नाही येत."

घरी पोचेपर्यंत किल्लीवाली तेच घोळवत होती. एक शब्द तर बदलायचा. आत्या शांतपणे डोळे मिटेल, आणि त्यात कोणाचं काय जाणार? पण दाराशी चपला काढताना तिला कळून चुकलं, की जी बाई नुसत्या आवाजावरून कुठलं कुलूप मुकाट्याने उघडणार आणि कुठलं छळणार ते ओळखते, तिच्यापुढे हे टिकायचं नाही.

"शिक्षा झाली, आत्या," तिने उभ्याउभ्याच सांगितलं.

आत्याने भिंतीकडे तोंड वळवलं. मग तशीच म्हणाली, "कशावरून?"

किल्लीवालीने उतरवून आणलेलं सगळं वाचून दाखवलं. आत्या कुशीवर वळली, मग कोपरावर उठली. कुलूप उघडतानाचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला, तेलाचा तर तीनदा. प्रत्येक वेळी ती हसली, शेवटी ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मेला गजाआड चाललाय आणि जीव कुलपात, असं म्हणत तिने डोळे पुसले.

"नाही म्हणाला असता तर घरी आला असता ना?"

"बहुतेक आला असता."

"चोर असता तर म्हणाला असता गं. चोराला काय, येत नाही म्हणायला कष्ट पडतात का? यालाच ते तोंडातून निघेना."

चोरी केली नाही असंही कुठे लिहिलेलं नाही, हे किल्लीवालीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आत्याने हात उडवला. ते कोर्टाने बघावं, म्हणाली, मला माझ्यापुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने दुकानात नेऊन बसवायला लावलं. थोड्या वेळाने एक गृहस्थ जुनी पेटी घेऊन आले. किल्ली कधीच हरवलेली. आता या दुकानाची एक रीत होती: तार हातात घेतली की गिऱ्हाइकाकडे पाठ करायची. आत्याने ती स्थळ मोडल्यावर सुरू केली आणि भाचीने तशीच उचलली. हात किती सहज चालतात ते कोणाला दिसू नये, एवढाच तिचा अर्थ. किल्लीवाली सवयीने वळणार, तेवढ्यात आत्याने तिच्या हातातून तार घेतली आणि स्टूल रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगितलं.

पेटी मांडीवर घेऊन तिने तार आत घातली. तार घसरली, पुन्हा घातली, पुन्हा घसरली. गृहस्थांनी चुळबुळ केली. किल्लीवाली मधे पडली नाही. आत्याने कान कुलपाला लावला, डोळे मिटले, आत काय अडलंय ते तिला कळलं असावं, कारण तिने मान हलवली. पण बोटांनी काही ऐकलं नाही. तिने तार बाहेर काढली, पदराने पुसली आणि भाचीपुढे धरली.

"आता तू. इथेच बस, माझ्या शेजारी."

किल्लीवाली गिऱ्हाइकासमोर तोंड करून बसली. गृहस्थ संकोचून दुसरीकडे बघायला लागले.

"अहो, इकडे बघा की," आत्या त्यांना म्हणाली. "नीट बघा."