जाळी लावलेला झगा

सांगलीच्या अनसूयाबाई आढावांच्या घरी दोन गोष्टी कुलपात असत, एक सोनं आणि दुसरा झगा. सोन्याची किल्ली कुठे असते ते सुनेला ठाऊक होतं. झग्याची किल्ली मात्र बाईंच्या कमरेला असायची.

झगा म्हणजे बाप्तिस्म्याचा झगा. बाईंच्या आजेसासूने, मार्थाबाईने, पांढऱ्या मलमलीचा हाताने शिवलेला. त्यात मशीनचा एक टाका नाही. गळ्याशी बारीक चुण्या, घेराला क्रोशाची लेस, सोबत तसंच टोपडं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला अंगासरसा बसावा, पण लांबी अशी की बाळाला घेऊन बसलेल्या बाईच्या घोट्यापर्यंत लोंबावा. चार पिढ्यांतली छत्तीस पोरं या झग्यातून चर्चमध्ये गेली होती. बाईंचे दिवंगत यजमान मधुकरराव त्यात, मुलगा शौनक त्यात, लोणंदची पुतणीसुद्धा त्यात. छत्तिसांचे फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर ओळीने लावलेले.

घरची रीतही ठरलेली. झगा घरातल्या वडील बाईनेच बाळाला चढवायचा आणि पाळकसाहेबांनी पाणी शिंपडेपर्यंत बाळ तिनेच मांडीवर आडवं ठेवायचं, म्हणजे चुण्या मोडत नाहीत. आईने मध्ये हात लावायचा नाही. बाळंतिणीचे हात दुधाचे, मलमलीला डाग पडतो. छत्तीस बाप्तिस्मे झाले पण झग्यावर डाग नाही, हे बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोकांची घराणी शौर्यावर मिरवतात, आढावांचं धुण्यावर मिरवत होतं!

सदतिसावी आली ती शौनक आणि वल्लरीची मुलगी, एस्तेर. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूही फाटलेली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की असं होतं, पाच-सहा महिन्यांची झाली, वजन भरलं की ओठाचं ऑपरेशन करू, टाळूचं नंतर. वल्लरी रडत रडत का होईना, ऐकत होती. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नातीकडे एकदाच पाहिलं आणि खाटेवरच्या सुनेला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"ग्रहणाच्या दिवशी काय चिरलं होतंस?"

बाईंचं घर तसं सुधारलेलं. शेजारी कुणी मुहूर्त बघून गाडी घेतली की बाई गालात हसायच्या. पूर्वजांनी धर्म बदलला तेव्हा बाकी सगळं मागे ठेवलं असेल, ग्रहण तेवढं कुणीतरी पदराला बांधून आणलेलं दिसतं. वल्लरीने त्या संध्याकाळी काकडी चिरली होती. तिने ते खरं सांगितलं, आणि तिथून पुढे आठ आठवडे त्या घरात काकडीचाच खटला चालला.

पोरीला पाजायचं तर दार लावून. पाहुणे आले की ती झोपलेली आहे असं सांगायचं. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. बाई नातीला नावाने हाक मारीत नसत, "तिचं झालं का?", "तिला आत ने," एवढंच. एस्तेरला अंगावर ओढता येत नव्हतं. वल्लरी वाटीत दूध काढायची, पोरीला उभी धरायची आणि चमच्याने थेंब थेंब पाजायची. तासभर जायचा. दूध निम्मं नाकातून परत यायचं. शेजारच्या खोलीत बाई म्हणायच्या, "करून ठेवलंय, आता निस्तर." त्या हे हळू म्हणत नसत.

शौनक मधे पडत नव्हता. तो मोबाइलमध्ये बघत बसायचा. भांडणाच्या वेळी मोबाइलमध्ये बघणारा नवरा आपण कुणाच्याच बाजूचे नाही असं समजतो. तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूचा असतो.

पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला, तेव्हा बाईंनी सांगून टाकलं, "ऑपरेशन झाल्यावर बघू."

"तोवर तिला झगा बसणार नाही, आई," वल्लरी म्हणाली.

"नाही बसला तर नाही बसला. साधा फ्रॉक घालू. छत्तीस फोटो आहेत तिथे. त्यांच्या ओळीत हे तोंड लावायचं का?"

वल्लरीने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "छत्तिसांना मिळालं ते हिलाही मिळालं पाहिजे. नाहीतर सरळ म्हणा, ही आढावांची नाही."

"आई, काढ ना काहीतरी मधला मार्ग," शौनक मान वर न करता म्हणाला.

आणि बाईंनी मधला मार्ग काढला. कमरेची किल्ली काढून पेटी उघडली, चष्मा लावून खिडकीशी बसल्या आणि टोपड्याला कपाळापासून हनुवटीखालपर्यंत पांढरी जाळी शिवली. एका पदरातून ओठ दिसत होता म्हणून दुहेरी केली. कडेला मार्थाबाईच्या लेसशी जुळणारी लेस विणून लावली. बाईंच्या बोटांत खरोखर कला होती. ती सगळी कला त्यांनी आठ आठवड्यांच्या लेकराचं तोंड झाकायला खर्ची घातली.

"छान झालंय," शौनक म्हणाला.

जाळीसह झगा किंवा झगाच नाही, असा तो सौदा होता. वल्लरी थकलेली होती, तिने मान डोलावली.

शेजारच्या शमशादबी त्याच वेळी आल्या. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं नोकरी केलेली. अर्ध्या गल्लीची नाळ त्यांच्या हातची. त्यांनी जाळी बोटांत धरून पाहिली.

"बाई, ह्ये काय मच्छरदानी हाय व्हय?"

"लोक बघतात, शमशाद. तुला नाही कळायचं."

"काय कळायचं न्हाई? ग्रहण लागलं तवा वल्लरीला सातवा म्हयना चालू व्हता. आवं, ल्येकराचा ओठ दुसऱ्या म्हयन्यातच जुळतोय. जुळायचा न्हाई तर तवाच न्हाई जुळत. त्या वक्ताला पोट हाय ह्ये तुमाला ठावंबी नव्हतं. पाच म्हयन्यानं चिरलेल्या काकडीनं आधीच झालेला ओठ फाटला व्हय? तुमी तर शाळेत शिकीवलंय."

बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. त्यांना हा हिशेब त्या क्षणी कळला, आणि कळला म्हणूनच राग आला. "तू तुझं बघ," त्या म्हणाल्या.

"बघती. पर येक ध्यानात ठिवा. पोरीची टाळू उघडी हाय. दूध पिल्यावर अर्धा घंटा तरी उभी धरा, आडवी टाकू नगा. आन् त्वांड झाकू नगा. त्वांड दिसलं न्हाई तर काय हुतंय ते कळणार कसं?"

बाईंनी दोरा दाताने तोडला आणि झगा घडी करून ठेवला.

रविवारी चर्च भरलं होतं. वल्लरीचे वडील मलकापूरहून आले होते. शमशादबीही बाईंच्या मागच्याच बाकावर बसल्या होत्या, वल्लरीने बोलावलं म्हणून. निघण्याआधी वल्लरीने एस्तेरला पाजलं होतं आणि तिला अजून उभी धरायची होती, पण बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि रीतीप्रमाणे पोर आपल्याकडे घेतली. झगा चढवला, टोपडं बांधलं, जाळी ओढली. वल्लरी रीतीप्रमाणे पलीकडच्या बाकावर. बाईंनी नातीला मांडीवर आडवी ठेवली, अगदी सपाट, आणि चुण्या एकेक करून सारख्या केल्या. बायका माना वळवून बघत होत्या. "झगा अजून नवाच वाटतो हो," कुणीतरी म्हणालं. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच बाईंना बरं वाटलं.

गाणं सुरू झालं. सगळे मोठ्याने गात होते. मांडीवर काहीतरी दचकलं. बाईंना हाताला ओल लागली. त्यांनी खाली पाहिलं, तर जाळी दुधाने भिजून नाकातोंडाला चिकटलेली आणि गळ्याच्या चुण्यांवर पिवळट ओघळ उतरत चाललेला.

बाईंनी पदराचं टोक घेतलं आणि घाईघाईने झगा पुसू लागल्या.

आधी गळा पुसला. मग चुण्या. लेसपर्यंत ओघळ जाऊ नये म्हणून खाली रुमाल धरला. जाळीमागे पोरगी गुदमरत होती. पाय झाडत होती, मग पाय थांबले. बाईंना वाटलं, बरं झालं, गप्प झाली.

"बाई, प्वार बघा! झगा काय पुसताय!"

शमशादबी बाकावरून वाकल्या आणि त्यांनी जाळीत बोटं घालून ती फाडली. टोपडं फाटलं, गळ्याची चूण उसवली. एस्तेरचं तोंड निळं पडलं होतं. शमशादबींनी तिला हातावर पालथी घेतली, पाठीवर थोपटलं, नाकातोंडातलं दूध बोटाने काढलं, पुन्हा थोपटलं. गाणं एकेक बाकाने बंद होत गेलं. मग त्या शांततेत एस्तेर रडली.

वल्लरी धावत आली होती. तिने पोर घेतली, छातीशी उभी धरली. रडणं नीट मोकळं झाल्यावर तिने झग्याची बटणं काढली, झगा उतरवला आणि बाकावर टाकला. आत साधं सुती झबलं होतं. तशीच ती पुढे गेली.

"पाळकसाहेब, आता द्या पाणी."

पाळकसाहेबांनी दिलं. चर्चमधल्या सगळ्यांनी एस्तेरचा ओठ पाहिला. एका बाईने नजर वळवली, दोघी-तिघी कुजबुजल्या, बाकीचे "आमेन" म्हणाले. ज्या लोकांच्या धास्तीने दुहेरी जाळी शिवली, त्यांच्याकडून घडलं ते एवढंच.

दुपारी वल्लरी वडिलांबरोबर मलकापूरला निघाली. शौनकला म्हणाली, "यायचं असेल तर ये. पण जाळी पाहून 'छान झालंय' कोण म्हणालं होतं, ते विसरून येऊ नकोस."

पुढे आठवडाभर बाईंनी झगा धुतला. लिंबू लावलं, उन्हात टाकला, पुन्हा धुतला. डाग फिका झाला आणि तेवढाच राहिला. घासता घासता एक दिवस त्यांना आपलाच हात दिसला. पदराचं टोक धरलेला, चुण्या टिपणारा. त्या हातापासून चार बोटांच्या अंतरावर पोर मरत होती. बाई मोरीतच बसल्या आणि रडल्या. सुनेला त्यांनी 'काय चिरलं होतंस?' असं विचारलं होतं; आता 'तू काय पुसत होतीस?' असं त्यांना कुणीतरी रोज विचारत होतं, आणि याचं उत्तर त्यांना स्वतःलाच द्यायचं होतं.

दीड महिन्याने बाई एसटीने मलकापूरला गेल्या. सोबत झगा, जाळी काढलेला, उसवलेला गळा परत शिवलेला.

वल्लरीने दार उघडलं. बाईंनी पिशवी पुढे केली. "अजून बसेल का गं तिला?"

"नाही बसणार. वाढलीय ती. परत न्या."

"मला माफ कर, वल्लरी."

वल्लरीने वाटी-चमचा बाईंच्या हातात दिला आणि एस्तेरला त्यांच्या मांडीवर ताठ बसवली. "माफीचं मला आज सांगता येणार नाही. तिची दुधाची वेळ झालीय, पाजा. आणि तिच्या तोंडाकडे बघून पाजा. बघितल्याशिवाय कळत नाही कधी थांबायचं ते."

बाईंनी चमचा उचलला. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या नातीकडे नीट बघत होत्या. ओठाच्या वर दोन डोळे होते, टपोरे, आणि ते बाईंच्या चष्म्याकडे बघत होते. चौथ्या चमच्याला एस्तेर हसली. दुभंगलेला ओठ दोन्ही बाजूंना गेला आणि सगळा चेहरा हसला. याच तोंडाला आपण जाळी शिवली, असं मनात येऊन बाईंच्या हातातला चमचा कलला. वल्लरीने तो सावरला नाही. "सांडू नका," एवढंच म्हणाली.

एस्तेरचं ऑपरेशन झालं, नीट झालं. वल्लरी सांगलीला परतली नाही. शौनकने मलकापुरातच खोली घेतली. बाई दर रविवारी उपासनेनंतर एसटीने जातात, पाजतात, संध्याकाळी परततात. भिंतीवर फोटो छत्तीसच आहेत. एस्तेरचा झग्यातला फोटो आता निघायचा नाही, कारण तेवढी लहान एस्तेर आता कुणाला परत मिळायची नाही.

मंडळी, ग्रहणाने कुणाचा ओठ फाटत नाही आणि आईच्या विळीनेही फाटत नाही. अशी लेकरं आपल्याही घरांत जन्मतात. तेव्हा आईला काय चिरलंस ते विचारू नका, बाळ प्यायलं का ते विचारा, आणि त्याला लवकर डॉक्टरांकडे न्या. अब्रू मळली तर जगता येतं. तिला जपण्यासाठी लेकराचं तोंड झाकणाऱ्याच्या हातून काय घडतं, ते सांगायला अनसूयाबाई आता स्वतःच बसलेल्या असतात.

परवा लोणंदची पुतणी सिमरन आपल्या बाळासाठी झगा मागायला आली. बाईंनी पेटी उघडली. तिला आता कुलूप नसतं. झगा मांडीवर पसरून त्यांनी गळ्याजवळचा डाग बोटाने दाखवला.

"डाग पडला होय, काकी? कशाचा?" सिमरनने विचारलं.

"दुधाचा," बाई म्हणाल्या. "एस्तेर गुदमरत होती, आणि मी झगा पुसत होते. तुझं बाळ तू स्वतः मांडीवर घे. चुण्या मोडू देत. हे कबूल असेल तर झगा ने."