पाडव्याआधी पंखा नाही

पुढचे चार दिवस हवा सुखद राहील, मग मात्र पारा चाळिशीकडे झेपावेल, असं टीव्हीवाली सांगत होती. आनंदीबाईंना आता दोन्ही सारखंच. त्यांना नवऱ्याचा, श्यामरावांचा नियम तेवढा ठाऊक: गुढी उभारल्याशिवाय पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. "इतकंच उकडत असेल तर महाबळेश्वर काही लांब नाही," असं ते पाहुण्यांनाही ऐकवत. पौषात श्यामराव गेले, नियम तेवढा मागे राहिला.

अंदाज खरा ठरला. कर्वेनगर भट्टीसारखं तापलं. सून भाग्यश्री बटणाकडे वळली की आनंदीबाई एवढंच म्हणायच्या, "पाडवा होऊ दे."

पाडव्याला समोरच्या सोसायटीत गॅलरीगॅलरीतून गुढ्या उभ्या राहिल्या. त्या बघून भाग्यश्री आत आली. सासूबाई बंद पंख्याखाली बसल्या होत्या. घाम गळ्यावरून ओघळत होता आणि त्या तो पुसतही नव्हत्या.

"अहो आई, झाला की पाडवा! आता तरी लावू?"

"लोकांचा झाला," आनंदीबाई म्हणाल्या. "आपल्याला वर्षभर सण नाही."