सज्ज्यातली बाई, नग एक

समुद्राकाठच्या हवेलीच्या विक्रीचा कागद भाच्याने आत्याला वाचून दाखवला, तेव्हा सतराव्या कलमापाशी कुत्र्याने जांभई दिली आणि अठराव्यापाशी आत्याने विणकाम खाली ठेवलं.

"पुन्हा वाच."

"अठरा. सज्ज्यातली बाई, नग एक, चालू स्थितीत."

"नग?"

"अगं, कागदावर तसंच लिहावं लागतं. शिडीसुद्धा नगच आहे."

"शिडीच्या पुढे 'चालू स्थितीत' लिहिलंयस?"

"शिडी कुठे चालते?"

"आणि मी तरी कुठे चालते रे? अकरा वर्षं बसलेय!"

ते मात्र खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी हवेलीची पार दैना झाली होती. छप्पर उडालेलं, दिवाणखान्यात खेकड्यांचं राज्य. एका मोठ्या भरतीत तर आख्खा जिना वाहून गेला. तो चार कोसांवर किनाऱ्याला लागला आणि भाचा शोधत पोहोचेपर्यंत तिथल्या एकाने त्याच्यावर वरचा मजलासुद्धा चढवला होता. अशा घराला हात लावायला कोणी गवंडी तयार होईना. शेवटी जुन्या इमारतींच्या खात्याने डागडुजीची तयारी दाखवली, पण एका अटीवर. घराचा एकच जुना फोटो शिल्लक होता. दुरुस्तीनंतर घर त्या फोटोसारखं दिसलं पाहिजे, आणि पुढे कायम तसंच दिसलं पाहिजे.

भाच्याने डोळे मिटून सही ठोकली. फोटोत काय काय आहे ते खात्याच्या तपासनिसाने त्याला नंतर दाखवलं. या तपासनिसाच्या हातात बशीएवढं भिंग असे, म्हणून सगळे त्याला भिंगसाहेब म्हणत. भिंगातून दिसलं ते असं: भिंतीला टेकलेली शिडी. कौलांवर कावळा. दारात जांभई देणारा कुत्रा. आणि कोपऱ्यावरच्या सज्ज्यात, रस्त्याकडे तोंड करून बसलेली पणजी, मांडीवर वीतभर विणकाम, चेहरा असा की नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कोणीतरी चिखलाच्या पायांनी गेलं असावं.

शिडी मिळाली. कावळा खात्याच्या गवंड्याने पत्र्याचा केला आणि त्याला डांबर फासलं. तो इतका झकास जमला की एका खऱ्या कावळीने त्याच्या शेजारी घरटं बांधलं, तीन वेळा पिल्लं काढली आणि हा काही केल्या दाणा आणत नाही म्हणून शेवटी त्याला टोचून टोचून भोकं पाडली. कुत्र्याचं कोडंही सुटलं. त्याच्यासमोर हवेलीच्या विक्रीची जाहिरात वाचायची. "प्रशस्त, हवेशीर, मनोहारी" एवढं झालं की तो जबडा उघडायचाच.

राहिली पणजी. ते नाक घराण्यात फक्त आत्याकडे उतरलं होतं. झालं, आत्याला सज्ज्यात बसवलं. तो चेहरा आणायला पहिल्या वर्षी तिला थोडे कष्ट पडले. पुढे तो आपोआप येऊ लागला.

भिंगसाहेब कधी टपकेल याचा नेम नसे, त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आत्या खुर्चीत. विणकाम वीतभरच दिसलं पाहिजे, म्हणून दिवसभर विणायचं आणि दिवेलागणीला उसवायचं. हेही तिने चालवून घेतलं असतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. सज्ज्याच्या पुढे रस्ता होता आणि मागे समुद्र. खुर्ची चार बोल्टांनी फरशीला जखडलेली. अकरा वर्षं समुद्र तिच्या पाठीमागे गर्जत होता, फुसफुसत होता, आणि ती समोर पाहत होती टपालपेटीकडे. मानेवर वारा कसा लागतो त्यावरून भरती किती फूट आली ते ती बोटभर चूक न करता सांगे. मासेमार तिला विचारून होड्या काढत. समुद्र तिला पाठ होता, पण दिसत मात्र नव्हता. खुर्ची एकदा फिरवायची आणि डोळे भरून पाहायचं, एवढीच तिची इच्छा होती.

"घर विकलं गेलं की फिरव ना," भाचा दरवर्षी म्हणे.

आणि आता हा अठरावा नग. म्हणजे घर विकलं जाणार, आणि ती घराबरोबर जाणार, टपालपेटीकडे तोंड करून.

"अरे, मी तुझी सख्खी आत्या!"

"म्हणूनच तर शिडीच्या वर घातलंय तुला. शिडी एकोणीस."

भाच्याशी डोकंफोड करण्यात अर्थ नव्हता. पुढच्या तपासणीला भिंगसाहेब कौलं मोजत असताना तिने वरूनच विचारलं, "साहेब, मालक बदलला तरी फोटो हाच?"

"छे हो. विक्रीच्या दिवशी आधी जुन्या फोटोशी ताडून पाहायचं. जुळलं की सह्या. सह्या झाल्या की लगेच नवा फोटो. मग तोच प्रमाण, कायमचा. तीनशे बारा... बोलू नका, चुकतंय माझं."

"आणि नवा फोटो जुन्यासारखा नसला तर?"

"नव्याला कशाशी जुळवायचं, बाई? तोच मूळ ठरतो! झालं, विसरलो." त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तिने गवंड्याकडे पाना मागितला.

"पाना कशाला, आत्याबाई?"

"विणायला."

त्या घरात गवंड्याने इतकं काही पाहिलं होतं की त्याने पान्याबरोबर तेलाची बाटलीही दिली.

विक्रीच्या दिवशी घेणारे आले. गृहस्थ बाटल्यांची बुचं बनवणारा, अंगानेही बुचासारखाच, आणि सोबत उंच टाचांच्या सँडलमध्ये त्याची बायको.

"या रोज अशाच बघतात?" बायकोने सज्ज्याकडे पाहत विचारलं.

"रोज. अकरा वर्षांत तक्रार नाही," भाचा म्हणाला.

"बदलून मिळतील का?" बुचवाल्याने विचारलं. "जरा हसरी?"

"तुझी बुचं देतोस का रे बदलून?" वरून आवाज आला.

"बोलतात पण!" बायको दचकली.

"फोटोत आवाज येत नाही, त्यामुळे त्यावर बंधन नाही," भिंगसाहेबाने खुलासा केला आणि भिंग पुसलं.

मग पडताळणी झाली. शिडी, बरोबर. कावळा, बरोबर. भाच्याने "प्रशस्त, हवेशीर" म्हटलं, कुत्र्याने जांभई दिली, बरोबर. आत्याचं नाक, चेहरा, वीतभर विणकाम, सगळं बरोबर. कुंपणाच्या भिंतीवर कागद ठेवून सह्या झाल्या. भिंगसाहेबाने पिशवीतून खात्याचा कॅमेरा काढला, रस्त्यापलीकडे गेला आणि डोळा लावला.

"तीन म्हणेन. एक..."

वर सज्ज्यात काहीतरी करकरलं. आठवडाभर आत्या रोज थोडाथोडा सैल करत होती त्या बोल्टांपैकी शेवटचा निखळून फरशीवर टणकन पडला.

"दोन..."

आत्या उठली, खुर्ची गर्रकन फिरवली आणि बसली.

"आत्या! अगं खुर्ची!" भाचा अंगणाच्या मधोमध येऊन ओरडला. शिडी मजबूत आहे का पाहायला बुचवाला तिसऱ्या पायरीवर चढला होता. तो दचकून शिडीला मिठी मारून बसला. बायको एका पायावर उभी राहून सँडलमधला खडा काढत होती. कुत्रा, आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड मिटून बघत होता.

"तीन," भिंगसाहेब म्हणाला, कारण दोननंतर तीनच येतं. खटका दाबला, शिक्का उठवला, आणि घराचा मूळ फोटो तयार झाला.

इतक्या जणांना जमवायचं म्हणून तपासणी आता महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी होते. त्या दिवशी भाचा पहिल्या बसने येतो आणि अंगणाच्या मधोमध आ वासून उभा राहतो. बुचवाला आपल्याच घराच्या शिडीला मिठी मारून तास काढतो. त्याची बायको एका पायावर. आता तिला दोन पायांवर उभं राहिलं की भोवळ येते म्हणतात. कुत्रा मात्र सुखी आहे. त्याच्यासमोर जाहिरात वाचायला आता खात्याची सक्त मनाई आहे. फोटोच्या कोपऱ्यात भिंगसाहेबाचा अंगठा आला होता, त्यामुळे फाटकाशेजारी बारा फुटी अंगठा बांधावा लागला. गवंड्याने त्याचं नखसुद्धा इतकं हुबेहूब घडवलं की ते वाढतं, आणि दर पावसाळ्याआधी शिडी लावून तासावं लागतं.

आत्याचा फोटोत दिसतो तो फक्त अंबाडा.

पहिल्या दिवशी ती समुद्राकडे पाहत बसली ती जेवायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. अकरा वर्षं उसवलेली लोकर घरात ढिगाने पडली होती. तिने एक घसघशीत अंबाडा विणला आणि खुर्चीच्या पाठीवर खोचून दिला.

महिन्याच्या तपासणीला भिंगसाहेबाने भिंग लावलं.

"साहेब, आत्या जागेवर नाही!" भाचा आ वासलेल्या तोंडानेच ओरडला. "ती बघा, तिकडे खाली, गुडघाभर पाण्यात!"

भिंगसाहेबाने फोटो पाहिला. सज्जा पाहिला.

"फोटोत अंबाडा आहे. अंबाडा जागेवर आहे," तो म्हणाला. "तुम्ही तोंड मिटू नका."