दीड फूट खाली

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी निशाने फक्कीची शेवटची रेघ ओढली आणि कार्यालय पूर्ण झालं. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. जुन्या उपविभागीय कार्यालयाशेजारच्या मोकळ्या जागेवर पांढऱ्या पुडीने आखलेला तो नकाशा होता, खऱ्या मापाचा. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद, तीन बाजूंनी उघडा. चौथ्या बाजूला, नाल्याकडे पाठ करून, खिडक्यांची रांग. त्यातल्या एकीच्या जागी चहाच्या टपरीवरून उचलून आणलेलं टेबल होतं आणि टेबलामागे खुर्चीवर कार्यालयाचा शिपाई वारलू बसला होता.

"आज मी बाबू," तो म्हणाला. "तीस वर्षांनं प्रमोशन भेटलं."

निशा नागभीडची. नागपूरला वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रबंधासाठी तिने कुणालाही न अडवणारं सरकारी कार्यालय हा विषय घेतला होता. जुन्या इमारतीला सात पायऱ्या होत्या. नंतर कधीतरी एक उतार बांधला गेला होता, पण तो इतका उभा होता की चाकाची खुर्ची त्यावरून वर जात नसे आणि खाली निघाली तर थांबत नसे. दुरुस्ती आणि वाढीव बांधकामाचा प्रस्ताव त्या दिवशी जिल्ह्याला जायचा होता. बांधकाम खात्याचे उपअभियंता गुणवंतराव यांनी तिचे कागद चाळले होते आणि सांगितलं होतं, "पाच वाजेपर्यंत आण. जोडून देतो. पण कागदावर नको दाखवू. चालते म्हणून दाखव."

चालतं की नाही, हे तिने एका माणसावर ठेवलं होतं. तो लहानू. पोलिओने लहानपणीच त्याचे पाय गेले होते. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर तो यायचा. वनहक्काच्या दोन एकरांचा त्याचा दावा सहा वर्षं आत होता आणि लहानू बाहेर. दरवेळी वारलू पायऱ्या उतरून त्याचा कागद घ्यायचा आणि निरोप घेऊन परत यायचा. दोनदा त्रुटी निघाल्या होत्या. कोणत्या ओळीत, ते बोट ठेवून त्याला कुणीही दाखवलं नव्हतं.

लहानू एकटा खिडकीपर्यंत पोचला, तर नकाशा चालतो.

साहेब दौऱ्यावर गेले होते, त्यामुळे सकाळपासून ताटकळलेले लोक सावली धरून बसले होते. निशाने त्यांना सांगितलं, हे ऑफिस आहे असं समजा आणि आपापला अर्ज खिडकीवर द्या. लोक हसत उठले. तीन बाजू उघड्या होत्या, तरी पहिली बाई जिथून आत शिरली तिथूनच सगळे शिरले. रेघेपाशी प्रत्येकाने चपला काढल्या. सायकलसाठी पावणेदोन मीटर रुंद ठेवलेली वाट अकरा जोडांनी बंद झाली.

निशाने वहीत वेळ लिहिली. १०.४८.

"चपला राहू द्या जी पायात," ती म्हणाली. "इथी फरशी नाई. मातीच आहे."

पहिली शिरलेली बाई बुधरी होती, जंगलातल्या एका टोल्यावरची, चार घरांच्या वस्तीतली, साठी उलटलेली. तिने निशाकडे नीट पाहून घेतलं.

"खळ्यात कोणी चपला घालून जाते काय?"

"हे खळं नाई, बाई. ऑफिस होय."

"तेच त. धान आमचं खळ्यात राह्यते, जमिनीचा कागद इथी. मंग?"

"मी त बूट घालून बसलो, बाई," टेबलामागून वारलू म्हणाला.

"तू सरकार होय. तुले काय पाप लागते?"

सगळे हसले, वारलू सर्वांत जास्त. निशाच्या वहीत पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी, उताराचं प्रमाण यांचे रकाने होते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते न कळून तिने पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं.

सव्वाअकराला लहानू आला. लोकांनीच चपला बाजूला सारल्या. वाट मोकळी झाली. निशा मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून कडेला उभी राहिली. सायकल रेघेपर्यंत आली आणि थांबली.

लहानूने हँडल दोरीने बांधलं. जमिनीवरून सरकताना तळहाताखाली धरायचे टायरचे दोन तुकडे त्याने सीटवर ठेवले आणि तो खाली उतरला.

"लहानूभाऊ, सायकल घेऊनच या ना. ती वाट तुमच्यासाठीच ठेवली आहे."

"दिसली मले. मस्त ठेवली."

"मग?"

"हे चाकं कुठून कुठून फिरून येते, माहीत आहे काय? शेणातून, बाजारातून. सगळ्यायनं चपला काढल्या, अन मी चाकं आत नेऊ?"

"पण तुम्हाला त्रास होईल."

"घरी मी असाच फिरतो. मले बाहेर ठेवलं त्याचा राग आहे, मॅडम. खाली बसाचा नाई."

तो तळहातांवर भार देत निघाला. निशाने स्टॉपवॉच बंद केलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

टेबलापाशी पोचल्यावर त्याचे डोळे टेबलाच्या फळीखाली आले. त्याने कागद वर धरला. वारलूला नुसते केस आणि हात दिसला.

"कोण आहे जी?" वारलूने बाबूचा आवाज काढला.

"दोन एकर आहे," टेबलाखालून उत्तर आलं.

हशा पिकला. वारलूही हसला, पण हसता हसता खुर्चीवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि लहानूसमोर उकिडवा बसला. सहा वर्षं पायऱ्यांखाली तो असाच बसत आला होता. कागद मातीवर पसरला गेला. दोन डोकी त्यावर वाकली. मागचे लोकही आपला नंबर येईपर्यंत जागच्या जागी बसून गेले. त्या कार्यालयात निशा तेवढी उभी होती, आणि एक खुर्ची रिकामी होती.

तिने टेप काढली. जमिनीपासून लहानूच्या डोळ्यापर्यंत एकाहत्तर सेंटिमीटर. बुधरीच्या सदुसष्ट. मग बाकीच्यांची मापं.

"ब्लाउज शिवाचा हाय काय व सगळ्यायचा?" बुधरीने विचारलं.

"बाबू असा खाली बसेल काय, वारलूभाऊ?" निशा म्हणाली.

"बाबू? पंखा जरासा सरकला त अर्ज करते तो."

"खाली काऊन बसवता?" लहानू कागदावरून मान वर न करता म्हणाला. "खड्ड्यात ठेवा."

हिवाळ्यात तो वडस्याच्या एका नाटक कंपनीत नटांना संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर असायचा, हे वारलूने मग सांगितलं.

"स्टेजच्या म्होरं खड्डा राह्यते माया," लहानू म्हणाला. "मी स्टुलावर आरामात बसतो, पण माये डोळे अन राजाचे पाय बराबर एका लायनीत. तो वर, मी खाली. मी बोलल्याबिगर मरत नाई तो."

निशाने वहीत आकडे मांडले. खुर्चीवर बसलेल्याचा डोळा एकशे सतरा. खाली बसलेल्याचा सरासरी एकाहत्तर. फरक सेहेचाळीस. म्हणजे बाबूची जमीन दीड फूट खाली गेली, तर बाबू खुर्ची सोडत नाही आणि लोकांना मान वर करावी लागत नाही. टेबलाची फळी लोकांच्या जमिनीपासून फूटभर वर येते. बसल्या बसल्या सही करता येते, ओळीवर बोट ठेवता येतं.

पाचला वीस मिनिटं कमी असताना नवा नकाशा गुणवंतरावांच्या टेबलावर होता. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सरकार खाली अन पब्लिक वर?"

"डोळे एका पातळीत येतात, सर."

"एक खिडकी कर अशी. वर पाटी लावू, दिव्यांगांसाठी."

"आज बारा माणसं आली. बाराही खाली बसली. त्यात दिव्यांग एकच होता. तीन खिडक्या अशा ठेवल्या आहेत. ज्यांना गुडघ्यामुळे बसता येत नाही त्यांच्यासाठी चौथी, उंच."

"अन उद्या बाबूच चाकाच्या खुर्चीवाला आला त? त्याले खड्ड्यात कसा उतरवशील?"

हा प्रश्न तिला दुपारी तीनला स्वतःलाच पडला होता. तिने जागेचा उतार दाखवणारा काटछेद पुढे सरकवला. नाल्याकडे जमीन तशीही दीड फूट उतरत होती. कर्मचारी मागच्या अंगाने आले तर त्यांना एकही पायरी लागत नव्हती.

गुणवंतरावांनी काटछेदावर पट्टी ठेवून माप घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं.

"साहेबाची केबिन कुठी आहे यात?"

"ती वर आहे, सर. पहिल्यासारखीच."

"हुशार आहेस," ते म्हणाले, आणि नकाशा फाईलला टाचला.

त्याच संध्याकाळी फाईल गेली. पुढे वारलूने लहानूला सांगितलं की त्याच्या दाव्यात तिसरी त्रुटी निघाली नाही. सुनावणीची तारीख मात्र अजून लागलेली नाही. निशाच्या प्रबंधाला कॉलेजात चांगले गुण मिळाले. एका परीक्षकाने विचारलं की हे कुठे बांधलं जाणार आहे का, आणि ती म्हणाली, "विचाराधीन आहे."

सहा एप्रिलला प्रस्तावाची फाईल जिल्ह्याहून परत आली. नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं: "शासकीय आसन जनतेच्या पातळीपेक्षा खाली ठेवण्यास हरकत असल्याचा नियम आढळून येत नाही. परवानगी असल्याचाही आढळून येत नाही. स्वयंस्पष्ट अभिप्रायासह फेरसादर करावे."

अभिप्राय गुणवंतरावांनी लिहायचा आहे. बुधवारी दुपारी त्यांचा निशाला फोन आला. खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची त्यांनी पुन्हा एकदा विचारली. तिने एकाहत्तर सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. मग त्यांनी विचारलं, ती पाठ टेकलेली असताना घेतली होती, की न टेकता.