स्मृतिनाथ महाराज आणि बेपत्ता डी ड्राइव्ह

अमावस्येच्या सकाळी कळंब-येरमाळा रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडपुढं दुचाक्या लावायला जागा उरली नव्हती. आत माणसं दाटीवाटीनं मांडी घालून बसली होती आणि बऱ्याच जणांच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावानं मिळून बारसं काढलंय. जवळ गेल्यावर कळायचं, की कापडात लॅपटॉप आहेत. कुणाच्या लग्नाचे फोटो पुसले गेले होते, कुणाचा प्रबंध उडाला होता, आणि एका पोरीनं तर आपला लॅपटॉप चक्क पदराखाली धरला होता, नजर लागू नये म्हणून.

सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, तोंडाला उपरणं गुंडाळून आण्णासाहेब बसले होते. कळंबच्या शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं होतं. नारळातून निघणारी करणी, पाण्यानं पेटणारा यज्ञ, जिभेतून आरपार जाणारा त्रिशूळ, असली सगळी सोंगं त्यांनी गावोगाव करून दाखवून फोडली होती. अशा माणसानं उपाशीपोटी, खिशात लिंबू घेऊन इथं बसावं, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. उपरणं त्यासाठीच होतं. पण ते फार वेळ उपयोगी पडलं नाही.

"अरे, सर! तुम्ही बी?" पुढच्या रांगेतला सिद्धाराम फोटोवाला एवढ्या मोठ्यानं ओरडला, की निम्मी शेड वळून बघायला लागली. "बघा, इज्ञानवाले सर बी आले!"

"मी सायराभाभींना सोबत म्हणून आलोय," आण्णासाहेब पुटपुटले.

ते अर्धं खरं होतं. शेजारी सायराबी बसल्या होत्या, आणि त्यांच्यामुळंच हे सगळं घडलं होतं.

सायराबींचा नवरा सरदार हा कळंबचा शेवटचा पिंजारी. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गाद्या भरून देत फिरायचा. नोकरीतून मोकळे झाल्यावर आण्णासाहेबांनी एक नाद लावून घेतला होता. तालुक्यातल्या जुन्या कारागिरांना बोलतं करायचं आणि ते बोलणं रेकॉर्ड करायचं. सरदारभाई तासन् तास बोलला होता. मागच्या वर्षी तो गेला. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी सायराबी आण्णासाहेबांच्या ओसरीवर यायच्या, म्हणायच्या, "मास्तर, जरा लावता का?" आणि डोळे मिटून नवऱ्याचा आवाज ऐकत बसायच्या.

मग पुतण्या अमरसिंह सुट्टीला आला. "काका, तुमचा लॅपटॉप लई स्लो झालाय. नवं विंडोज टाकतो, पार्टिशन नीट करून देतो," म्हणाला. पडद्यावर सगळ्या भागांची यादी आली. त्यातलं एक पार्टिशन नको म्हणून त्यानं डिलीट दाबलं. दाबल्यावर कळलं, की नको ते हे नव्हतं. सी शाबूत राहिली आणि सगळी रेकॉर्डिंगं ठेवलेली 'आवाज' नावाची अख्खी डी ड्राइव्ह गायब झाली. तिच्या जागी नुसतं 'रिकामी जागा' असं लिहून आलं. अमरसिंहनं पुढं काहीही न दाबता लॅपटॉप बंद केला. त्या दिवशी त्यानं केलेलं एवढंच काम बरोबर होतं. बाजारातला दुकानदार मान हलवून म्हणाला, "सर, गेलं ते गेलं. फॉरमॅट मारून देऊ का?"

आण्णासाहेबांना हे सायराबींना सांगायचा धीर झाला नाही, पण शुक्रवार यायचा काही थांबत नाही. ऐकून सायराबी रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मास्तर, लोक म्हनत्यात, येरमाळ्याच्या रस्त्यावरचा म्हाराज गेलेलं परत आनतो. एकदा बघू." आयुष्यात पहिल्यांदा आण्णासाहेबांना 'असं काही नसतं' म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात कुठंतरी येत होतं, की आलं तर आलं.

शंख वाजला. लाल पडद्याआडून स्मृतिनाथ महाराज बाहेर आले. भगवी कफनी, कपाळाला भस्म आणि डोळ्यांना स्क्रीनचा त्रास होऊ नये म्हणून निळसर काचांचा चष्मा. मागच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर त्यांचंच प्रवचन चालू होतं, ते शिष्य कुलदीपनं बंद केलं.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "सी म्हणजे चित्त, डी म्हणजे देह. चित्त भ्रष्ट झालं की देह पडतो. पण आतला डेटा? तो मरत नाही. तो फक्त दिसेनासा होतो! अरे, ज्या परमेश्वरानं ब्रह्मांडाची पार्टिशनं पाडली, त्याला तुमच्या दोन ड्राइव्ह जड आहेत का?"

"न्हाय, न्हाय!" शेड घुमली.

सिद्धारामनं उभं राहून साक्ष दिली. आख्ख्या लग्नसराईचं शूटिंग उडालं होतं, महाराजांनी एका दिवसात परत आणलं. टाळ्या पडल्या. मग पुढं बसलेला बंडप्पा नावाचा एक थोराड शेतकरी हात जोडून उठला.

"म्हाराज, माजं कवा?"

महाराजांनी डोळे मिटले. "बंडप्पा, तुझ्या आईचा आत्मा अजून रुसलेला आहे. शेवटच्या दिवसांत तू तिला दुखावलंस. म्हणून तिचे फोटो ती येऊ देत नाही. आणखी काही अमावस्या कर."

बंडप्पा मान खाली घालून बसला. एरवी आण्णासाहेब उठून 'कशावरून?' म्हणाले असते. आज त्यांनी खिशातलं लिंबू चाचपलं, कारण आता त्यांचाच नंबर आला होता.

कुलदीपनं नियम वाचून दाखवले. उपवास केला का? लिंबू आणलं का? लॅपटॉप सोवळ्यात ठेवला का, म्हणजे मधल्या काळात सुरू तर केला नाही ना? पासवर्ड विड्याच्या पानावर लिहिला का? "आणि मूळ चार्जर," तो म्हणाला. "चार्जरशिवाय महाराज हात लावत नाहीत."

"देवाला चार्जर कशाला लागतो?" मागून एक स्वच्छ आवाज आला.

सायराबी दचकल्या. "या अल्ला, उझमा!"

उझमा त्यांची लेक, आण्णासाहेबांची एके काळची विद्यार्थिनी, धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. सकाळी आईनं फोनवर "डी म्हंजे देह असतो व्हय गं?" असं विचारल्यावर ती रजा टाकून स्कूटरवर तडक निघाली होती.

"सर, मला एक फोन करायचात की," ती हळूच म्हणाली. आण्णासाहेबांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

"महाराज," उझमा पुढं झाली, "हे काम इथं, सगळ्यांसमोर करा की."

"साधनेला एकांत लागतो, बाळ."

"आणि प्लगपॉइंट लागतो. बरं, मग मी करते. तुमचा टीव्ही घेऊ का?"

महाराज काही म्हणायच्या आत सिद्धारामनं वायर जोडून दिली. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. उझमानं पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, आणि पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. सगळी शेड त्या पट्टीकडं शेवटची ओव्हर बघावी तशी बघत बसली. एका बाईनं भजन धरलं.

"म्हणा, मावशी," उझमा म्हणाली. "त्यानं वेग वाढत नाही, पण वेळ बरा जातो." आणि ती लोकांकडं वळली. "पार्टिशन म्हणजे काय, सांगते. शेताचा बांध. तुमच्या रानातला बांध कुणी मोडला आणि सातबाऱ्यावरून नाव उडालं, तर रान उडून जातं का? उभी तूर नाहीशी होते का?"

"कशाला हुईल!" कुणीतरी म्हणालं.

"तसंच इथं. डिलीट दाबल्यावर फक्त नोंद पुसली. आवाज, फोटो सगळे जागेवरच असतात. हा प्रोग्रॅम रानात फिरून जुना बांध कुठं होता ते शोधतो. महाराज म्हणाले ना, डेटा मरत नाही, दिसेनासा होतो? ते खरंच बोलले. फक्त का, ते सांगितलं नाही."

पडद्यावर एक ओळ उमटली. 'आवाज'. उझमानं सगळ्या फाइली आपल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि त्यातली एक लावली. महाराजांच्याच स्पीकरमधून धनुकलीची तांत घुमली आणि पाठोपाठ एक खरखरीत, हसरा आवाज आला, "मास्तर, कापूस मारायचा न्हाय. त्याला नुस्तं जागं करायचं. मारला की गाठी धरतो..."

सायराबींनी तोंडावर पदर घेतला. आण्णासाहेब छताकडं बघत राहिले.

मग पडद्याआड काय आहे, हे बघायला लोकांना कुणी सांगावं लागलं नाही. आत मूर्ती नव्हती. एक टेबल होतं, इन्व्हर्टर होता, चार्जर अडकवलेला लांबलचक बोर्ड होता आणि तांब्याच्या डबीत कुंकू लावलेला, उझमाकडं होता तसलाच पेन ड्राइव्ह होता.

"ते यंत्र आहे!" महाराज गरजले.

"तेच म्हणतेय मी," उझमा म्हणाली.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या क्षणाला पदराखाली लॅपटॉप धरलेली पोरगी उठली आणि तिनं उझमाच्या पायावर डोकं ठेवलं. "ताई, खऱ्या सिद्ध तुम्हीच!" दोघा-तिघांनी लिंबं पुढं केली. एकानं नारळही काढला.

"अहो, उठा!" उझमा घाबरीघुबरी झाली. "हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मी शिकवते, तुम्हीच करा!"

पण शिकण्यापेक्षा पाया पडणं सोपं होतं, आणि रांग वाढत होती. ती मोडली बंडप्पानं. त्यानं लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. "बाई, आईचे फोटू हायत. एवढे काडून द्या."

उझमानं बराच वेळ तपासलं, बंडप्पा इथं पहिल्यांदा कधी आला ते विचारून तारखा ताडून बघितल्या. मग तिनं आधी कुलदीपकडं बघितलं आणि मग बंडप्पाकडं. "काका, हे परत येणार नाही. इथं आल्यावर कुणीतरी यावर नवं विंडोज टाकलंय, ते थेट फोटोंच्या जागेवर. मोडलेल्या बांधाचं रान नांगरून नवी पेरणी झाली. आता माझ्याच्यानं काय, कुणाच्यानंच होणार नाही."

कुलदीप चपला शोधायला लागला. बंडप्पा मात्र जागचा हलला नाही.

"म्हंजे... आई रुसली न्हाय?"

"नाही, काका."

"माजं काय चुकलं म्हून न्हाय गेले?"

"तुमचं काहीच चुकलं नाही."

तो थोराड माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. किती अमावस्या तो मेलेल्या आईची माफी मागत होता, कोण जाणे.

तेव्हा आण्णासाहेब खांबाच्या आडून पुढं आले. व्याख्यानं त्यांनी पुष्कळ दिली होती, पण आज सुरुवात स्वतःपासून केली.

"मी काही वेगळा नाही. मीही मागच्या रांगेत होतो," ते म्हणाले. "जीव गुंतलेली गोष्ट हरवली की शहाण्याचंही डोकं जागेवर राहत नाही, आणि असली दुकानं त्यावरच चालतात. पण आज दोघांत फरक काय होता, तेवढं बघा. उझमानं जे केलं ते उघड्यावर केलं, कसं केलं ते सांगितलं, आणि जमणार नाही तिथं 'नाही' म्हणाली. महाराज कधीच 'नाही' म्हणाले नाहीत. आलं की त्यांची कृपा, नाही आलं की तुमचं पाप. जो माणूस कधीच चुकत नाही, त्याच्यापासून लांब राहा. आणि प्रश्न विचारा. माझ्यासारख्यालाही विचारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिद्धाराम पुढं सरकून उझमाशेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, ती पट्टी कशी चालू करायची, परत एकदा दावा की. सावकाश."